टीव्हीला बाहेरची प्लेलिस्ट देऊ नका: होमस्टेच्या पाच टीव्हींची चॅनेलं एका जागी कशी सांभाळावीत

वेळणेश्वरजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार खोल्यांत चार टीव्ही आहेत, घरात सासऱ्यांचा पाचवा. पुतण्याने इंटरनेटवर मिळालेली एक एम-थ्री-यू प्लेलिस्ट, म्हणजे चॅनेलांची नावं आणि लिंका असलेली फाईल, पाचही टीव्हींत घालून दिली. सुरुवातीला बरं चाललं. आता अर्धी चॅनेलं लागत नाहीत, गाईडमध्ये (टीव्हीवरच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात) भलतेच कार्यक्रम दिसतात, आणि दर वेळी पाहुण्यांच्या खोलीत जाऊन रिमोट घेऊन बसावं लागतं. घरात एक जुना मिनी पीसी पडून आहे, त्यावर काही सॉफ्टवेअर टाकून हे सगळं एका जागी आणता येईल का? शिवाय नऊशे रुपयांत वर्षभर सगळी चॅनेलं देतो असं सांगणारा एकजण आहे, त्याच्याकडून घ्यावं का?

ताई, एका जागी नक्की आणता येईल, आणि तुमचा मिनी पीसी त्याला पुरेल. दाभोळ ते जयगड या पट्ट्यात लॉज आणि होमस्टेंची नेटवर्कं बसवायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. तुम्ही लिहिलेली तक्रार मला जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळते आणि तिचं मूळही बहुतेक ठिकाणी एकच असतं: टीव्ही थेट बाहेरच्या माणसाच्या यादीवर चालतोय. ती यादी कोण कधी बदलेल, कुठलं चॅनेल काढेल, कुठल्याचं नाव बदलेल, यावर आपला काही हक्क नाही. म्हणून टीव्हीला फक्त आपल्या घरातल्या मिनी पीसीचा पत्ता द्यायचा आणि बाहेर जे काही बदलेल ते त्या पीसीवर एकदाच दुरुस्त करायचं. पुढे जे लिहितो आहे ते सगळं यासाठीच आहे.

आधी ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, साधा मजकूर आहे. पहिल्या ओळीत हॅशचं चिन्ह आणि पुढे ‘एक्स्ट-एम-थ्री-यू’. मग प्रत्येक चॅनेलच्या दोन ओळी. वरच्या ओळीत ‘एक्स्टइन्फ’, कोलन, उणे एक. त्यापुढे अवतरण चिन्हांत टीव्हीजी-आयडी (चॅनेलला गाईडशी जोडणारी खूण), लोगोचा पत्ता, ग्रुप-टायटल (चॅनेलचा गट). शेवटी स्वल्पविराम आणि टीव्हीवर दिसणारं नाव. खालच्या ओळीत नुसती लिंक. उणे एक म्हणजे कार्यक्रमाची लांबी ठरलेली नाही, थेट प्रक्षेपण आहे. या दोन ओळींमध्ये सगळ्यात लवकर मरते ती लिंक. काही लिंकांच्या शेपटाला अक्षरं-आकड्यांचं लांबलचक टोकन असतं आणि ते काही तासांत संपतं. काही लिंका ठरावीक देशातच चालतात. काहींना विशिष्ट युजर-एजंट (कुठलं अ‍ॅप मागतंय हे सांगणारं नाव) पाठवला नाही तर समोरून ४०३ येतो, म्हणजे सर्व्हर जागेवर आहे पण दार उघडत नाही. ४०४ आला तर लिंकच हलली आहे. चॅनेलचं नाव, क्रमांक आणि आयडी मात्र वर्षानुवर्षं तेच राहायला काहीच हरकत नाही. ते तुम्ही ठरवायचे आणि लिंक त्यांच्याखाली हवी तशी बदलत राहायची.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? फक्त इंटरनेटवरच्या याद्या सांभाळायच्या असतील तर थ्रेडफिन पुरेसं आहे. एक्सटीव्ह नावाचं जुनं सॉफ्टवेअर थांबलं, त्याच्याच पायावर हे उभं राहिलं. बाहेरची यादी घेऊन ते गाळतं, क्रमांक देतं, गाईड जोडतं आणि जेलीफिन किंवा प्लेक्स या मीडिया सर्व्हरना आपण एक ट्यूनर, म्हणजे चॅनेलचा सिग्नल पकडणारं यंत्र, आहोत असं भासवतं. डिस्पॅचार हे त्याहून नवं आहे. त्यात एका चॅनेलखाली अनेक लिंका क्रमाने लावता येतात, पहिली पडली की दुसरी चालू होते. दोन्ही चांगली आहेत. पण तुमच्यासाठी मी टीव्हीहेडएंड सुचवेन, कारण तुमच्याकडे इंटरनेटच्या जोडीला छपरावरची डिशही असायला हवी असं माझं ठाम मत आहे, आणि डिश व इंटरनेट दोन्ही एकाच छत्राखाली घेणं टीव्हीहेडएंडला उत्तम जमतं.

डिश म्हणजे प्रसारभारतीची डीडी फ्री डिश. ही सेवा २००४ च्या डिसेंबरपासून आहे. महिन्याचं भाडं नाही, आणि त्यातली एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) मधली चॅनेलं कुलूप न लावता येतात, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सऐवजी पीसीला लावलेल्या ट्यूनरवरही ती उतरतात. सध्या उपग्रह जीसॅट-१५, पूर्वेला ९३.५ अंशांवर. सासऱ्यांच्या सह्याद्रीच्या बातम्यांसाठी इंटरनेट लागायचंच नाही.

क्रिकेटचंही इथेच सांगून टाकतो, कारण पाहुण्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. २००७ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यात येतात, आयपीएल येत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवता येतं. म्हणून प्लेलिस्टमधल्या डीडी स्पोर्ट्सच्या लिंकेवर सामना शोधत बसू नका, तो डिशवर बघा.

तुमच्या मिनी पीसीला यूएसबीवर चालणारा डीव्हीबी-एस२, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल घेणारा, ट्यूनर लागेल. इथे खरेदीआधी एक गोष्ट समजून घ्या. एक ट्यूनर एका वेळी एकाच ट्रान्सपाँडरवर, म्हणजे उपग्रहावरच्या एका वाहिनीपट्ट्यावर, लागतो. त्या ट्रान्सपाँडरवर असलेली सगळी चॅनेलं मात्र एकदम मिळतात. म्हणजे खोली क्रमांक एक आणि तीन वेगवेगळी चॅनेलं बघत असतील आणि ती दोन्ही एकाच ट्रान्सपाँडरवर असतील तर एका ट्यूनरवर भागतं. वेगळ्या ट्रान्सपाँडरवर असतील तर दुसऱ्या खोलीत ‘मोकळा ट्यूनर नाही’ असा संदेश येतो आणि तुम्हाला वाटतं चॅनेल बंद पडलं. पाच टीव्हींसाठी दोन ट्यूनर आणि दोन तोंडांचा एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल घेणारा भाग) घ्या. तिसऱ्याची गरज क्वचित पडते, कारण पाहुणे बातम्या, सिनेमा आणि सामना याच्या पलीकडे फारसे जात नाहीत.

आता टीव्हीहेडएंडची रचना. ती पहिल्यांदा क्लिष्ट वाटते. सगळ्यात खाली नेटवर्क, म्हणजे डिश एक नेटवर्क आणि इंटरनेटची यादी दुसरं. नेटवर्कमध्ये मक्स असतात. डिशच्या बाबतीत मक्स म्हणजे ट्रान्सपाँडर, इंटरनेटच्या बाबतीत प्रत्येक लिंक हा एक मक्स. मक्स स्कॅन झाला की त्यातून सर्व्हिस निघते, म्हणजे त्यातल्या एका चॅनेलचा प्रवाह. आणि सगळ्यात वर चॅनेल, जे टीव्हीला दिसतं. गंमत इथेच आहे: एका चॅनेलला एकाहून जास्त सर्व्हिस जोडता येतात. तुम्ही ‘डीडी सह्याद्री’ असं एक चॅनेल बनवा, क्रमांक १ द्या, त्याला डिशवरची सर्व्हिस जोडा आणि इंटरनेटवरचीही जोडा. डिशला प्राधान्य जास्त ठेवा. आषाढात पाऊस असा कोसळतो की डिशचा केयू बँडमधला सिग्नल पार बसतो. चॅनेल लावताना डिशवरून चित्र आलं नाही तर टीव्हीहेडएंड इंटरनेटची सर्व्हिस उचलतं. उलट रस्त्याच्या कामात फायबर तुटली तर डिश असतेच. दोन्ही एकाच वेळी जाण्याचे दिवसही येतात, पण ते थोडे. सासऱ्यांच्या रिमोटवर मात्र एक दाबलं की सह्याद्री, बारा महिने.

इंटरनेटच्या यादीसाठी टीव्हीहेडएंडमध्ये ‘आयपीटीव्ही ऑटोमॅटिक नेटवर्क’ असा पर्याय आहे. त्यात यादीचा पत्ता दिला की तो स्वतःच मक्स बनवतो आणि ठरावीक वेळाने यादी पुन्हा वाचतो. बहुतेक जण इथे बाहेरच्या यादीचा पत्ता देतात आणि इथेच फसतात. बाहेरच्या यादीतून एखादी नोंद गेली की तुमच्याकडचा मक्सही जातो, आणि तुम्ही नीट लावलेलं चॅनेल पोकळ होतं. म्हणून तिथे मिनी पीसीवरच्याच फाईलचा पत्ता द्या. ती फाईल तुमची, हाताने लिहिलेली, तीस-चाळीस चॅनेलांची.

ती तीस-चाळीस आणायची कुठून? सार्वजनिक लिंकांचा सगळ्यात व्यवस्थित साठा आयपीटीव्ही-ऑर्ग या नावाने गिटहब या वेबसाइटवर आहे. स्वयंसेवक तो सांभाळतात, देशवार आणि भाषावार याद्या असतात, मराठीची वेगळी आहे. नावापुढे चौकटी कंसात ‘जिओ-ब्लॉक्ड’ किंवा ‘नॉट २४/७’ असं लिहिलेलं असेल ते वाचत जा, त्याने बराच वेळ वाचतो. तिथून यादी जशीच्या तशी उचलू नका. चॅनेल चालवून बघा, आवाज येतो का बघा, आणि त्या चॅनेलच्या कंपनीने स्वतः मोफत ठेवलेलं तेच चॅनेल कुठे आहे का तेही बघा. प्रसारभारतीचं वेव्हज हे अ‍ॅप २०२४ च्या नोव्हेंबरपासून आहे, बातम्यांची बरीच मराठी चॅनेलं यूट्यूबवर थेट असतात. खोलीतल्या टीव्हीवर ही अ‍ॅपं वेगळी ठेवलेली बरी. यूट्यूबच्या लिंका ओढून प्लेलिस्टमध्ये घालायचा खटाटोप करू नका, त्या टिकत नाहीत.

आजकालच्या बहुतेक लिंका एचएलएस प्रकारच्या, म्हणजे छोट्या तुकड्यांत प्रक्षेपण पाठवणाऱ्या, असतात; त्यांच्या शेवटी एम-थ्री-यू-८ असतं. टीव्हीहेडएंड त्या थेट घेतो, पण मधूनच अडकतो. मी अशा ठिकाणी लिंक एफएफएमपेग या चित्र-आवाज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पाइप करतो: एफएफएमपेग लिंक वाचतो, चित्र-आवाजाला हात न लावता कॉपी करतो आणि एमपेग-टीएस स्वरूपात टीव्हीहेडएंडला देतो. ‘कॉपी’ हा शब्द त्या आज्ञेत असलाच पाहिजे. तो राहिला तर तुमचा मिनी पीसी प्रत्येक चॅनेल नव्याने एन्कोड करायला बसेल, पंखा घोंघावेल आणि दोन टीव्हींतच दमेल. कॉपी असेल तर पाच टीव्हींनाही जुना पीसी सहज पुरतो.

गाईडचं सांगतो. गाईडची फाईल एक्सएमएलटीव्ही या साच्यात असते. तिच्यातला चॅनेलचा आयडी आणि तुमच्या यादीतला टीव्हीजी-आयडी अक्षरशः जुळला पाहिजे, मोठं-लहान अक्षर आणि मोकळी जागा धरून. गाईड चुकतंय म्हणजे नेमकं किती चुकतंय ते आधी बघा. सगळे कार्यक्रम बरोबर साडेपाच तासांनी सरकलेले असतील तर चॅनेल बरोबर आहे, वेळेचा गोंधळ आहे: फाईलमध्ये वेळेपुढे अधिक ०५३० लिहिलेलं नाही, किंवा पीसीचं टाइमझोन कोलकाता ठेवलेलं नाही. एखाद्याच चॅनेलवर भलतेच कार्यक्रम असतील तर आयडी चुकीच्या चॅनेलला जोडला गेलाय, बहुधा एचडी आणि साध्याची अदलाबदल. आणि काहीच दिसत नसेल तर आयडी जुळतच नाही. या तीनपैकी कुठलं ते कळलं की दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. मराठी चॅनेलांची गाईड सगळीकडे चांगली मिळत नाही, हे मान्य करून चाला. पाहुण्यांना गाईडपेक्षा चॅनेल लगेच लागणं जास्त महत्त्वाचं असतं, त्यामुळे यात फार दिवस घालवू नका.

नावं मराठीत लिहायची असतील तर फाईल यूटीएफ-८ (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) मध्ये साठवा. जुन्या टीव्हींवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, तिथे नाव इंग्रजीत ठेवावं लागेल. चॅनेलच्या नावात स्वल्पविराम टाकू नका, काही अ‍ॅपं तिथेच नाव तोडतात. क्रमांक ठरवताना मराठी १ ते १५, हिंदी ३१ पासून, बातम्या ५१ पासून असं काहीतरी ठेवा आणि मध्ये जागा सोडा, म्हणजे पुढे चॅनेल वाढलं तरी जुने क्रमांक हलणार नाहीत. त्याचा एक कागद लॅमिनेट करून प्रत्येक खोलीत लावा. माझ्या अनुभवात या एका कागदाने रात्रीचे निम्मे फोन बंद होतात.

टीव्हीवर काय ठेवायचं? अँड्रॉइड टीव्ही असेल तर कोडी हे अ‍ॅप आणि त्याचा टीव्हीहेडएंड क्लायंट, किंवा टिव्हीमेट हे अ‍ॅप. टिव्हीमेटला फक्त दोन पत्ते द्यावे लागतात, प्लेलिस्टचा आणि गाईडचा, आणि दोन्ही टीव्हीहेडएंड स्वतःच बनवून देतं. पाहुण्यांच्या टीव्हींसाठी वेगळा युजर करा, त्याला फक्त बघण्याचा अधिकार द्या, आणि तो घरच्या नेटवर्कपुरताच चालेल असं बंधन घाला. सेटिंगचा पासवर्ड तुमच्याजवळच. राउटरवर पोर्ट उघडून टीव्हीहेडएंड जगाला दाखवू नका. पुतण्या पुण्याहून मदत करणार असेल तर टेलस्केलसारखं, दुरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं काही टाका. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तरी ते चालतं.

डेटाचा हिशेब करून ठेवा. ४ एमबीपीएसचं चॅनेल तासाला १.८ जीबी खातं. चार टीव्ही रोज पाच तास इंटरनेटवर चालले तर दिवसाला ३६ जीबी, महिन्याला हजाराच्या वर. तुमच्या प्लॅनची मर्यादा बघून घ्या. डिशवरच्या चॅनेलांना यातलं काहीच लागत नाही, हाही डिशचा फायदा.

खोल्यांपर्यंत वायफायने जायचा विचार करत असाल तर करू नका. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल गिळते, दोन भिंतींपलीकडे चित्र थांबत थांबत येतं आणि दोष प्लेलिस्टला दिला जातो. प्रत्येक खोलीत लॅनची केबल न्या. मात्र दोन इमारतींमध्ये माडावरून किंवा खांबावरून तांब्याची केबल ओढू नका. वैशाखातल्या वळवाच्या विजा त्या केबलमधून नेटवर्कच्या स्विचमध्ये उतरतात आणि एका कडकडाटात पोर्टं जातात. इमारतींमध्ये फायबर टाका, फायबरमधून वीज येत नाही.

खाऱ्या हवेचंही बघा. गेल्या पावसाळ्यानंतर हेदवीकडच्या एका घरी ‘डिशची चॅनेलं रात्रीच लागतात, दिवसा नाही’ अशी तक्रार होती. सॉफ्टवेअर महिनाभर तपासून झालं होतं. एलएनबीचा एफ-कनेक्टर उघडला तर आतली तार हिरवी पडलेली आणि स्क्रूच्या आट्यांत पांढरी पूड. दिवसा तापल्यावर सांधा सुटायचा, रात्री गार झाल्यावर टेकायचा. वायर चार बोटं मागे कापली, नवा कनेक्टर बसवला, वरून रबराची स्वतःला चिकटणारी टेप गुंडाळली, संपलं. तुम्ही ट्यूनर लावाल तेव्हा कनेक्टर नवे घ्या आणि ही टेप विसरू नका. टीव्हीहेडएंडच्या स्टेटस पानावर सिग्नलची ताकद आणि चुकांचा आकडा दिसतो. चुका वाढत असतील तर आधी छपरावर चढा, मग सेटिंगकडे वळा. मिनी पीसी समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. पंखा नसलेला असेल तर उत्तम. लाइट जाणं रोजचंच, म्हणून पीसी, राउटर आणि स्विच तिघांनाही एकाच छोट्या यूपीएसवर ठेवा, आणि बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ हे सुरू करा. मिनी पीसीऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणार असाल तर मेमरी कार्डावर भरवसा ठेवू नका, लाइट जाऊन-येऊन ते खराब होतं. एसएसडी लावा.

लिंका तपासण्याचं काम पीसीलाच द्या. पहाटे चारला एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक लिंक एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणाऱ्या तपासणीच्या साधनाने) काही सेकंद वाचते. सलग तीन दिवस जी लिंक वाचता येत नाही तिचं नाव टेलिग्रामवर पाठवते. एका दिवसाच्या अपयशावर काही हलवू नका, बऱ्याच लिंका दुसऱ्या दिवशी परत येतात. सगळ्या एकदम तपासू नका, एकामागून एक तपासा, नाहीतर समोरचा सर्व्हर तुम्हालाच अडवतो. आणि स्क्रिप्ट ‘ठीक’ म्हणते म्हणून चॅनेल ठीक असेलच असं नाही. ‘ही सेवा उपलब्ध नाही’ अशी पाटी चोवीस तास फिरवणारी लिंकही तिला ठीकच वाटते. खोली साफ करताना आठवड्यातून एकदा सगळी चॅनेलं डोळ्यांनी फिरवून बघा. टीव्हीहेडएंडचा सेटिंगचा फोल्डर आणि तुमची यादी रोज रात्री पेन ड्राइव्हवर कॉपी होईल असं करून ठेवा.

नऊशे रुपयांच्या माणसाकडून घेऊ नका. वर्षाला नऊशेत सगळी पे चॅनेलं कुठलाही परवानाधारक देऊ शकत नाही, ती चोरीचीच असतात. घरात एकट्याने बघणं आणि खोलीचं भाडं घेऊन पाहुण्यांना दाखवणं यातला फरकही लक्षात घ्या: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ प्रमाणे प्रक्षेपण संस्थेच्या परवानगीशिवाय पैसे घेऊन लोकांना तिचं प्रक्षेपण दाखवणं हा तिच्या हक्काचा भंग आहे. खटला व्हायचा तो तुमच्या नावाने होईल. पाहुण्यांना पे चॅनेलं द्यायचीच असतील तर केबल किंवा डीटीएचवाल्याला होमस्टे आहे असं स्पष्ट सांगून व्यावसायिक जोडणीचा दर विचारा. शिवाय या विकत मिळणाऱ्या याद्यांना एका वेळी एक-दोनच टीव्हींची मर्यादा असते. पाचवा टीव्ही लावला की पहिला बंद, आणि तो माणूस फोन उचलत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी मिनी पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक मोफत प्रकार) आणि टीव्हीहेडएंड, मग फक्त इंटरनेटची दहा चॅनेलं घेऊन घरातल्या एकाच टीव्हीवर दोन आठवडे चालवा. सासऱ्यांची तक्रार आली नाही तर डिश आणि ट्यूनर आणा. पाहुण्यांच्या खोल्या सगळ्यात शेवटी. छपरावरचं काम मे महिन्याच्या आत उरकून घ्या, जूनमध्ये चढता येणार नाही. टीव्हींचे मॉडेल नंबर आणि मिनी पीसीत किती रॅम आहे ते कळवा. कुठल्या टीव्हीला वेगळी स्टिक लागेल आणि कुठला तसाच चालेल, हे त्यावरून सांगता येईल.